डावीकडून पहिली

हन्नाचा चेहरा वेबसाइटच्या पहिल्या पानावर शेवटी राहिला नाही. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलंच नाही.

झालंय ते एवढंच, की नाओमी सुट्टीत ठाण्याहून रोह्याला आजोबांकडे आली आहे आणि ओटीवर बसून रोह्याच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू मंडळींची वेबसाइट बनवते आहे. मंडळी म्हणजे रोह्यात एकटे तिचे आजोबा आयझॅक रोहेकर, बाकी सगळी इस्रायलमध्ये, अश्दोद, लोद आणि दिमोनाला. वेबसाइट तयार टेम्प्लेटवर होती. म्हणजे भिंती, दारं, खिडक्या सगळं आयतं, आपण फक्त आपली माणसं आत न्यायची.

पहिल्या पानावर मोठा फोटो लागत होता आणि फोटो एकच होता. कैक वर्षांपूर्वी बाकी सगळी घरं इस्रायलला निघाली, त्याच्या आदल्या रविवारी सिनेगॉगसमोर काढलेला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबलचक रांग, आणि डावीकडून पहिली उभी हन्ना, आयझॅकांची थोरली बहीण. ती गेली ती पुन्हा आलीच नाही. गेल्या खिरीच्या सणाला फोनवर म्हणाली होती, "मला तिथं कोण ओळखतं आता? कुणाला बघायला येऊ?" आयझॅकांना ते लागलं. वेबसाइट उघडल्या उघडल्या तिला स्वतःचा चेहरा दिसायला हवा, म्हणजे ती तिकीट काढेल, असा त्यांचा हिशेब होता.

नाओमीने बटण दाबलं. आयझॅकांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला.

"हा तर त्र्यंबक हाय!"

"कोण त्र्यंबक?"

"पेणचा. आपला कोणीच नाय. फोटोग्राफर घेऊन आलेला."

मोबाइलवर टेम्प्लेटने लांब फोटोचा चौकोन केला होता आणि मधोमध त्र्यंबक उरला होता. इतका स्पष्ट, की शर्टाच्या उघड्या गळ्यातून जानवं दिसत होतं. अश्दोदहून मंडळींतल्या रूबेनचा मेसेज आला, "अभिनंदन. प्रार्थनेला नवीन माणूस कुठून आणला?"

"टेम्प्लेट मधला भाग ठेवतं, आजोबा. महत्त्वाचं माणूस मध्येच असणार असं ते धरून चालतं."

"त्याला रोह्यातलं काय कळतं?"

"मग कापू का? फक्त हन्नाआजी ठेवते."

"कात्री नाय लावायची! सगळे रांगेत यावेत म्हणून तो फोटोग्राफर मागं सरत सरत गटारात गेला. एक पाय तसाच गटारात ठेवून त्यानं फोटो काढलाय. आणि आता आपण माणसं कापायची?"

नाओमीने चौकोन काढून आडवी पट्टी केली. आता रांग पुरी आली, फक्त गळ्यापासून खाली. आयझॅक डगमगले नाहीत. "ही मोझेलमावशी. पदर बघ, चहाचा डाग हाय. हे डॅनियलकाका, पोटावरून कळतंच." पण हन्ना किडकिडीत होती, तिची ओळख पटवायला पोट नव्हतं.

मग तिने फोटो न कापता अख्खा बसवला. वरती काळी पट्टी, खाली काळी पट्टी. तासाभरात लोदहून फोन, "कोण गेलं?" कोण ते न कळताच तिघांनी श्रद्धांजली वाहिली, एकाने तर माणूस किती मनमिळाऊ होता तेही लिहिलं.

शेवटी तिने अख्खी रांग चौकोनात दाबून बसवली. माणसं सळईसारखी उंच आणि बारीक झाली.

"काढ, काढ ते," आयझॅक ओरडले. "रोह्यातून सगळी उपाशी निघाली असं वाटेल. आदल्या रात्री कोंबडी होती!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा नाओमीने गुपचूप कात्री लावली. ते उठले तेव्हा मोबाइलभर हन्ना होती. दोन वेण्या, फुलाफुलांचं पातळ. कात्री ते विसरलेच. त्यांनी मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला.

"ही बघत्ये कुठं?"

रांगेतले सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. हन्ना तिरकी, उजवीकडे.

"ऊन असेल डोळ्यांवर."

"ऊन पाठीमागं होतं. आम्ही सगळे म्हणायचो, रुसली, जायचं नव्हतं तिला." त्यांनी पुन्हा पाहिलं. "पण रुसलेली नाय दिसत गो."

त्यांनी अश्दोदला व्हिडिओ कॉल लावला. हन्नाने चष्मा कपाळावर चढवून वेबसाइट उघडली.

"बाय, कोण दिसतं?"

"मी."

"मग?"

"मला मी कशाला, आयज्या? आरशात रोज दिसत्ये. पहिल्या दिवशी होता तो फोटो बरा होता. मी छापून भिंतीला लावलाय."

"त्यात तू नव्हतीस!"

"नव्हते. पण मी बघत होते ते होतं ना."

पलीकडे हन्ना उगाच टेबलावरचं कापड सारखं करू लागली.

"पेणलाच असतो का तो?"

"व्हय. मास्तर होता शाळेत. आता गुडघे गेलेत."

"बायको?"

"वारली बिचारी."

"अरेरे," हन्ना म्हणाली, आणि फार वेळ न दवडता पुढे म्हणाली, "मधलाच फोटो ठेव. डिसेंबरात येत्ये मी. त्याला बोलू नको."

आयझॅकांनी फोन ठेवला आणि लगेच पेणला लावला.

"मास्तर, आमच्या फोटोत तुम्ही मधोमध का उभे राहिलात?"

त्र्यंबक मास्तरांनी विचार केला. "फोटोग्राफर म्हणाला, अंदाज घेतो, जरा उभा राहा. मग हल असं कोणी म्हणालंच नाही."

"इतकंच?"

"आणि डावीकडून कोणीतरी बघत होतं," मास्तर म्हणाले. "हललो असतो तर बरं दिसलं नसतं."

संध्याकाळी आयझॅकांनी नाओमीला समोर बसवून टेम्प्लेटवाल्यांच्या मदत कक्षासाठी मजकूर सांगितला. तो तिने जसाच्या तसा पाठवला:

"मा. व्यवस्थापक, टेम्प्लेट विभाग, यांस.

विषय: छायाचित्रातील इसमांच्या जागा बदलून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सोबतच्या छायाचित्रातील डावीकडून पहिली व मधोमध उभा असलेला इसम या दोघांस, दरम्यानच्या कोणाही व्यक्तीस न कापता, न दाबता व उपाशी न दाखविता, एकमेकांशेजारी आणण्याची सोय आपल्या टेम्प्लेटमध्ये करण्यात यावी. सदर सोय पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मंडळी रोह्यातून निघण्याच्या आदल्या रविवारपासून लागू व्हावी, ही नम्र विनंती."