पप्पांच्या ओळखी

आमच्या पप्पांना दुकानात जाऊन सरळ पावशेर शेव घेता येत नाही. आधी दुकानदाराचं गाव विचारायचं, मग आडनाव, मग मामाचं गाव. चौथ्या प्रश्नाला कुठलंतरी नातं निघतंच, मग चहा येतो. तोवर मागे पाच माणसं ताटकळत उभी. मी लहानपणापासून त्या पाचांच्या बाजूला उभी आहे आणि मला खरंच कंटाळा आलाय.

"ओळख निघाली की काम झालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खालापूर ते कर्जत त्यांचं काम कधी अडलं नाही, हेही खरं.

नर्सिंग करून चोविसाव्या वर्षी मी नोकरीसाठी जर्मनीला निघाले, तेव्हा त्यांनी तिथलीही ओळख काढली. नेरळच्या एका सरांचा भाचा. तो जर्मनीतल्या माझ्या गावापासून रेल्वेने सात तासांवर राहायचा. "मंग जवळच हाय की," पप्पा म्हणाले. मी वाद घातला नाही.

तिथे चौथ्याच दिवशी एका स्टेशनवर माझी गाडी रद्द झाली. घोषणा कळेना, हातात दोन बॅगा. मी रडत घरी फोन लावला.

"थांब तितंच. कुनाला तरी बगतो," पप्पा म्हणाले.

अर्धा तास गेला. भाच्याने फोन उचललाच नाही. शेवटी मी डोळे पुसले, तिकीट खिडकीवर गेले आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं. तिथल्या बाईने कागदावर बसचा नंबर लिहून दिला. एवढंच होतं ते.

खोलीवर पोचल्यावर फोन केला.

"कोन भेटलं गं?"

"कुणी नाही. मीच विचारलं."

त्यानंतर दोन दिवस पप्पा फोनवर आलेच नाहीत. आई म्हणायची, बाहेर गेलेत. मला वाटलं, रुसले. म्हटलं, रुसू देत. तेव्हापासून मी सगळीकडे एकटी जाऊ लागले, बँकेत, डॉक्टरकडे, सुट्टीत अनोळखी शहरांतसुद्धा.

आता दोन वर्षांनी महिनाभर विश्रांतीला आले, तर पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पनवेलचं मोठं हॉस्पिटल. दारावरच्या वॉचमनला त्यांनी गाव विचारलं. तो म्हणाला, "छपरा, बिहार." छपऱ्यात आमचं कुणी निघेना. काउंटरवरची मुलगी मान वर न करता "आधार कार्ड" म्हणाली. मी फॉर्म भरला, नंबर घेतला, त्यांना खुर्चीत बसवलं.

नंबरची वाट बघताना पप्पा म्हणाले, "त्या दिवशी तू रडत व्हतीस ना, तवा मी अकरा जनांना फोन केला. येक पन कामाला आला नाय. पोर परक्या मुलखात रडतेय आनि बाप नुसता फोन धरून बसलाय. लाज वाटली गं. दोन दिवस तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं मला."

रडायला आलं तेव्हा मी फोन फक्त त्यांनाच लावला होता, एवढं साधं वाक्यही तोंडातून निघालं नाही.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. "नातेवाइकांनी दारापर्यंतच," नर्स म्हणाली. दारापर्यंत मी त्यांचा हात धरून गेले. नर्सने दोनदा आत यायला सांगितलं, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मीही नाही.