तार तुटलीय, विहीणबाई

माझ्या लेकीला बघायला आले तेव्हा आमच्या व्याह्यांनी लेकीच्या तोंडाकडं बघितलंच नाही. सुरेखा पोह्यांची ताटली घेऊन पुढं वाकली, तसा यांनी तिच्या पदराचा काठ दोन बोटांत धरला, अंगठ्यानं चोळला आणि मान हलवून म्हणाले, "तार तुटलीय."

आमच्याकडची माणसं गारठली. माझा भाऊ तर उठायच्याच बेतात होता. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, कोपर मारलं. "अवं, पोरगी बघा, साडी न्हवं."

"पोरगी बरी हाय," अण्णा म्हणाले. "दोष साडीत हाय. पदरापासनं चार बोटांवर."

मी नंतर उजेडात धरून बघितलं. चार बोटांवरच होता. लग्न ठरलं.

तर हे परशरामअण्णा. बेळगावात वडगावला घर, घरामागं पत्र्याची शेड, शेडमध्ये चार माग. साडी विणायची, हात पुसायचे, जेवायचं, परत विणायची. मी निपाणीची, जन्म तंबाखूच्या वखारीत पानं निवडण्यात गेला. मला वाटायचं नजर म्हणजे माझी. पण यांच्यापुढं मी कोण! गेली अकरा वर्षं मी लेकीकडं गेले की दारातच हात पुढं यायचा. "काठ बघू." आणि मग, "तार तुटलीय, विहीणबाई." कधी रंग उतरणार असायचा, कधी काठ ओढलेला असायचा. अकरा वर्षांत एकदा, फक्त एकदा तरी या माणसानं साडी चांगली आहे म्हणावं म्हणून मी मुद्दाम भारीतली नेसून गेले. तिच्यात दोन दोष निघाले.

गिरिजाबाई वारल्या तेव्हाही तसंच. दुकानातनं हिरवी साडी आणलेली, बायका नेसवायला बसलेल्या. अण्णा आले, काठ चोळला, म्हणाले, "ही न्हाय." शेडमध्ये गेले आणि आपल्या मागावरची घेऊन आले. बायकांनी तीच नेसवली.

त्यानंतर तीन माग थांबले. धाग्याच्या कांड्या भरायला माणूसच उरलं नाही, गिराइकही उरलं नव्हतं. एक माग तेवढा अण्णा स्वतः चालवत. सकाळी चहा झाला की खटखट सुरू, ती दिवेलागणीपर्यंत. शेजारचे कुरकुरायचे. सुरेखा म्हणायची, आई, माझं डोकं फुटायची वेळ आलीय. जावई, दीपक, उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनचे भाग बनवतो. त्याला शेडच्या जागेत खाली गाडी आणि वर भाड्याच्या खोल्या दिसायच्या. पण बापाला सांगणार कोण?

सांगायचं नाही असंच ठरलं. फोनवर सुरेखा म्हणाली, "आई, आपण सगळी बोटीवर जायचं. मोठ्ठी बोट, अकरा मजली. तू पण चल."

"मी कशाला गं?"

मग खरं बाहेर आलं. त्या चार दिवसांत भंगारवाला येऊन माग सोडवून नेणार होता. "अण्णा घरात असले तर मागाला मिठी मारून बसतील. तुझं ऐकतात ते. तू फक्त त्यांना घरातनं बाहेर काढ."

मी हो म्हटलं. लपवून काय करू? मला बोट बघायची होती.

अण्णा तयार नव्हते. "मागावर साडी हाय. अर्धी साडी टाकून विणकर उठत न्हाय."

मी म्हटलं, "अहो, चार दिवसांनी येऊन विणा की. साडी काय पळून जाते?"

हे वाक्य माझं. लेकीनं शिकवलेलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. अण्णांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणतायसा तर येतो."

रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून मुंबई गाठली. बंदरावर सगळ्यांच्या पिशव्या यंत्रातनं जातात, तिथं अण्णांची पिशवी अडकली. तपासणारी बाई पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ये क्या है? चाकू?" पिशवीतनं निघाला धोटा. वीतभराहून लांब लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी चोच, पोटात कांडी. मागावर इकडनं तिकडं धागा घेऊन पळतो तो. कसल्याशा कोऱ्या कापडात गुंडाळलेला.

"हत्यार नै," अण्णा आपल्या हिंदीत म्हणाले. "हमारे घर का है."

दीपकचे कान लाल. मागं रांग खोळंबलेली, मी अण्णांना पुढं ढकलतेय. बाईनं धोटा कापडासकट ठेवून घेतला, उतरताना मिळेल म्हणाली आणि चिठ्ठी दिली. अण्णांनी ती घडी घालून टोपीत ठेवली.

बोट काय सांगू! एका मंगल कार्यालयावर दुसरं, त्यावर तिसरं, असं अकरा वेळा. खायला उठायचं, नाच बघायला बसायचं, परत खायला उठायचं. अण्णांना मात्र समुद्र दिसलाच नाही. पडदा धरला, "पॉलिस्टर." चादर चोळली, "मिसळलेलं हाय." वाढप्यानं सलाम केला तर त्याची बाही धरली. पलंगावर टॉवेलाचं बदक करून ठेवलेलं, ते ईशानं, नातीनं, फोटोसाठी आणून दाखवलं, तर यांनी बदक मोडून किनार बघितली. एका पायघोळ झग्यातल्या बाईच्या मागं हात पुढं करून निघाले तेव्हा सुरेखा धावली. "अण्णा, इथं नाही हं! इथं लोक पोलिसात देतील."

"अगं, पर तिला सांगाया नको व्हय? शिवण उसवलीय."

सुरेखा-दीपकची खोली वर, गॅलरीवाली. मला आणि ईशाला गोल खिडकी. अण्णांची खोली पार तळाला, मागच्या अंगाला, बिनखिडकीची. भिंतीपलीकडं बोटीचं इंजिन. "एकट्याला खिडकी कशाला?" असं सुरेखा म्हणाली होती. पहिल्या सकाळी नाश्त्याला दीपकला जरा लाज वाटली असावी.

"अण्णा, आवाज येतो काय खोलीत? बदलून मागू?"

"नको रं. लई झकास खोली हाय. गिरिजा गेल्यापासनं अशी झोप लागली नव्हती. भिंतीमागं माग चालल्यागत वाटतंय बघ."

दीपक इडलीत चमचा फिरवत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थापा. बघते तर अण्णा, अंगात नुसती बंडी, अनवाणी. "मशीन का थांबलं? धागा तुटला काय?" मागवाला माणूस खटखटीनं जागा होत नाही, खटखट थांबली की होतो.

"गोवा आलं, अण्णा."

"गोवा?"

कपडे करून ते वर आले, कठड्याला धरून उभे राहिले. लांब डोंगराची निळी रेघ होती. तिच्याकडं बघत त्यांनी दीपकला विचारलं, "हितनं बेळगाव किती रं?"

दीपक सवयीनं बोलून गेला. "तीन तास. चोर्ला घाटातनं, जांबोटीवरनं." आणि मग जीभ चावली.

आता आमची अक्कल बघा. आमच्या गल्लीतली माणसं रविवारी मासे खायला जाऊन संध्याकाळी परत येतात ते हे गोवा. तिथं यायला आम्ही आधी मुंबई गाठली, बोटीत बसलो, दोन रात्री समुद्र कापला. बापाला लांब न्यायचं म्हणून निघालो आणि त्याला आणून उभा केला कुठं, तर घराच्या मागच्या दारात!

"मग मी घरी जातो की," अण्णा म्हणाले. "मागावर साडी हाय. तुम्ही सावकाश या."

बाजूला उभे होते ते प्रवासी हसले. अण्णा नाही हसले. खाली जाऊन पिशवी खांद्याला अडकवून आलेसुद्धा.

सुरेखानं मला कोपऱ्यात ओढलं. "आई, काहीतरी कर! माणसं आत्ता शेडमध्ये आहेत. दोन माग सोडवलेत, दोन व्हायचेत. हे तीन तासांत दारात उभे राहतील."

आणि मी केलं. खुर्चीत बसले, कपाळाला हात लावला, म्हटलं, "मला गरगरतंय."

अण्णा थांबले. माझ्याकडं बघितलं, डोंगराकडं बघितलं. मग पिशवी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसले. "तुम्ही जावा पोरांनो," म्हणाले. "मी बसतो यांच्यापाशी."

पोरं गेली. समुद्रकिनाऱ्यावर जाऊन शहाळी पिऊन, टोप्या विकत घेऊन आली. आणि हा माणूस दिवसभर मला जेवणाच्या यादीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसला होता. मला काही झालेलं नव्हतं. मी डोळे मिटून पडले होते आणि मला भूक लागली होती.

"त्या डोंगरापल्याड जांबोटी," मधेच म्हणाले.

"व्हय."

"लई जवळ हाय की वो."

मी डोळे उघडले नाहीत.

"पडा, विहीणबाई. मी हाय."

परत आलो. मुंबईत उतरताना अण्णांनी टोपीतली चिठ्ठी दिली, आपलं गाठोडं घेतलं आणि बेळगावपर्यंत मांडीवर ठेवलं. घरी आल्यावर कुणी त्यांना अडवलं नाही. ते सरळ मागं गेले. शेड रिकामी. जमिनीत बोल्टांची भोकं, तेलाचे काळे डाग. गिरिजाबाईंचा कांड्या भरायचा चरखासुद्धा नव्हता, तोही लोखंडाच्या भावात गेलेला. दीपक दारात उभा. त्यानं काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, मला ठाऊक होतं. बसमध्ये ओठ हलत होते.

अण्णा एक फेरी मारून आले. "हितं फरशी घालून घे," म्हणाले. "त्याल मुरलंय, धुऊन जायाचं न्हाय." आणि पाय धुवायला गेले.

सुरेखानं माझा हात दाबला. "बघ आई! उगीच घाबरत होतो आपण. किती छान घेतलं अण्णांनी."

माझ्या पोटची पोर. तिला काय म्हणणार? तिच्यापेक्षा मी कुठं बरी होते!

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं कामाला, ईशा शाळेला. अण्णा पुढच्या खोलीत धोट्याचं गाठोडं सोडत होते. मी चहा ठेवला आणि बघतच राहिले. ते कापड म्हणजे साडी होती. अर्धी. इकडचा काठ, तिकडचा काठ, आणि मधेच कात्रीनं सरळ कापलेली. पदर यायचाच होता अजून.

"अण्णा, ही तर मागावर होती ना?"

"निघायच्या आदल्या दिवशी कापली."

मी त्यांच्यापुढं बसले आणि कापलेली कड हातात घेतली. मागावरची साडी अर्ध्यात कापणारा विणकर मी ऐकला नव्हता, आणि हे तर अण्णा. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"भंगारवाला दोनदा येऊन मापं घेऊन गेलता. मी आंधळा हाय व्हय?"

"मग आलात कशाला बोटीवर?"

अण्णा अर्ध्या साडीची घडी घालत होते, काठावर काठ जुळवून. "मी घरात असतो तर दीपक्याला माझ्यासमोर करायला लागलं असतं. मग पोरगं जन्मभर माझ्याकडं बघताना त्वांड चुकवत फिरलं असतं. गिरिजाचं लई लाडकं त्ये." घडी पुरी झाली. "म्हटलं, जाऊ या. त्याला मोकळ्यानं करू दे. गोव्यात जरा मन फिरलं माझं. तवर तुम्हाला चक्कर आली. बरं झालं."

मी पदर तोंडाला लावला.

"नाटक तुम्हाला जमत न्हाय, विहीणबाई. उजव्या हातानं डोकं धरलासा आणि डाव्या हातानं ईशाला पर्स दिलासा."

"मग दिवसभर वारा का घालत बसलात?"

"उठला असतासा तर मी गेलो असतो."

चहा उतू गेला. मी पुसायला उठले, तेव्हा मागनं म्हणाले, "हिचा ईशाला परकर हुईल. आठवणीनं घेऊन जावा. निपाणीत कुणाकडनं तरी शिवून घ्या. हितं नको, दीपक्याला दिसंल."

दोन दिवसांनी मी निघाले. रिक्षा दारात आलेली. अण्णा खुर्चीत बसलेले, घरात इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मी नमस्कार केला. हात पुढं येईल म्हणून थांबले. आला नाही. मग मीच पदर पुढं केला.

"काठ बघा की, अण्णा."

त्यांनी हात लावला नाही. नुसतं माझ्याकडं बघून हसले.

"चांगली हाय," म्हणाले.

रिक्षात बसल्यावर मी पदर उन्हात धरला. चार बोटांवर तार तुटलेली होती. मलासुद्धा दिसत होती.