मधे एकही स्टेशन नाही

आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात मानेकाका भेटले की नमस्कार करत नाहीत. "ट्रॉम्सो ते लाँगइयरबायन, साडेनऊशे किलोमीटर," म्हणतात. "पावनेदोन तास. वारं आडवं आलं तर जादा." मग आवाज खाली आणून, "आन मधी एक बी स्टेशन न्हाय."

ही दोन गावं नॉर्वेच्या पार उत्तरेला आहेत, आणि आम्ही राहतो जुळे सोलापुरात. काका स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. मूळचे केम गावचे, रेल्वेत स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालेले. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही आणि ती पोचल्याचं कळेपर्यंत घोटभर चहासुद्धा घ्यायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

नव्यानं राहायला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. बायकोला घेऊन कुर्डुवाडीला सासुरवाडीला निघालो, तर काका गेटमध्ये मोटारसायकलीपुढे उभे. चक्क माझ्या सासऱ्यांना फोन लावलेला. नंबर त्यांनी आदल्या दिवशी बायकोकडून गोड बोलून काढला होता. "दोन मानसं सोडतोय. घ्यायला तयार हाय का तुमी?" सासरे तयार होते. मग काका बाजूला झाले. मी इतका हादरलो की मोहोळपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरवरच नेली.

त्या दोन गावांचा उलगडा पुढे झाला. काकांची एकुलती एक मुलगी सविता तिकडे संशोधन करते आणि सारखी त्या विमानानं जा-ये करते. तिलाही ते असंच हैराण करत असणार, असं मी धरून चाललो होतो.

परवा भरदुपारी काका जिन्यात बसलेले दिसले. हातात मोबाइल, त्यावर नकाशा आणि नकाशात चिमुकलं पिवळं विमान. चेहरा पांढराफटक.

"सवी हाय त्यात," म्हणाले. "अर्ध्यातनं माघारी फिरलंय."

विमान ट्रॉम्सोला टेकलेलं दिसलं तरी ते हलेनात. नकाशावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. फोन लावा म्हटलं, तर नकारार्थी मान हलवली आणि कारण सांगितलं. पूर्वी ते तिच्या प्रत्येक प्रवासाला फोन करायचे, एकदा तर तिच्या साहेबालाच केला. तेव्हा ती चिडून म्हणाली होती, आप्पा, मी मालगाडी नाही. त्या दिवशी काकांनी तिला शब्द दिला, प्रवासाचं पुन्हा विचारणार नाही.

मी सुन्न झालो. अख्ख्या बिल्डिंगला वेठीला धरणारा हा माणूस, आणि जिच्यासाठी जीव तुटत होता तिलाच विचारू शकत नव्हता.

शेवटी मीच फोन लावला. नंबर द्यायला मात्र त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. स्पीकरवर सविता शांतपणे म्हणाली की हवामान बिघडल्यामुळे परत आलो, सगळे सुखरूप आहोत. मग चमकलीच. तुम्हाला कसं कळलं? मी सगळं सांगून टाकलं.

"आप्पा, विचारा ना," म्हणाली.

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. अंतर नाही, वेळ नाही, वारा नाही, त्यांनी एवढंच विचारलं.

"भ्यालीस का गं?"

इतका वेळ माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज एकदम केमच्या पोरीचा झाला.

"व्हय आप्पा," ती म्हणाली. "लई."