टोकेकरांची नापास रायफल

इंदूरला राहायला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारच्या टोकेकरांनी मला चहाला बोलावलं आणि कप हातात द्यायच्या आधी माझ्या कानाशी एक रायफल आणली.

"हलू नका मॅडम. फक्त ऐका."

त्यांनी रायफलीचा बोल्ट मागे ओढला आणि पुढे ढकलला. खट्. खटाक्.

"काय ऐकू आलं?"

"खट् खटाक्," मी म्हणाले.

टोकेकरांचा चेहरा पडला. "नाही हो. त्या खट् आणि खटाक्-च्या बीचमध्ये जी शांती आहे ना, ती ऐकायची. आवाजात सगळं आहे मॅडम. बाकी सब लोहा-लक्कड."

मी मूळची सांगलीची. सांगलीत चहाला बोलावलं की चहा मिळतो. इथे चहाच्या आधी मला पाच रायफली दाखवण्यात आल्या. बैठकीच्या भिंतीवर, जिथे इतरांकडे देव किंवा नातवंडं असतात, तिथे त्या आडव्या टांगलेल्या होत्या. सगळ्या लष्कराच्या जुन्या, पुढे कुठल्याशा शाळेत कवायतीसाठी दिलेल्या आणि शेवटी भंगारात काढलेल्या. नळीत शिसं ओतून त्या कायमच्या बंद केल्या होत्या, आतली पिनही कापलेली. त्यांतून गोळी तर सोडाच, फुंकरसुद्धा पार जात नव्हती. तसा पोलीस ठाण्याचा रीतसर कागद टोकेकरांनी फ्रेम करून शेजारी लावला होता. नावं त्यांनी स्वभावावरून ठेवली होती. थोरली, रुसकी, सरकारी, बिचारी. पाचवीला नाव नव्हतं. "ती अजून काही बोललीच नाही," ते म्हणाले.

टोकेकर वीज कार्यालयातून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नाही. घराण्यात कुणी फौजेत नाही, आणि स्वतः टोकेकर आवाजाला इतके घाबरतात की दिवाळीत कानांत कापूस कोंबून, वर माकडटोपी घालून, न्हाणीघरात स्टूल टाकून बसतात. गेल्या दिवाळीला मी फराळाचं ताट द्यायला गेले, तर आतून आवाज आला, "मॅडम, लक्ष्मीबार संपले का बघा, मग दार उघडतो." मी त्यांना एकदा विचारलं होतं की बंदुकाच का जमवता? त्यांनी मला उलट विचारलं, "तुम्हाला मेथी का आवडते?" मला मेथी आवडते हे त्यांना कसं कळलं, या विचारात माझा प्रश्न राहूनच गेला.

दुरुस्ती ते रोज करत. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल चोळायचं, ते मुरू द्यायचं, पुन्हा चोळायचं. आमच्या जिन्यात पाऊल टाकलं की कुणाच्या तरी घरी जवसाची चटणी फसली आहे असं वाटायचं. लाकडाला खोक पडली असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे वाफेनं लाकूड फुगून खोक भरून येते. हे शास्त्र खरं आहे. फक्त ते फडकं म्हणजे माझी वाळत घातलेली ओढणी असायला नको होती.

आणि स्वच्छता! अख्ख्या इंदूरला स्वच्छतेचा अभिमान, पण टोकेकरांचा जरा पुढचा. एका सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, आणि टोकेकर पुडीत खरवडलेला गंज घेऊन गाडीवाल्याशी वाद घालत होते.

"भिया, ये गीले में जाएगा कि सूखे में?"

"बाबूजी, डाल दो कहीं भी."

"कहीं भी कैसे? पानी से बना है, पर सूखा है. तुम बताओ!"

मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी गाडीवाल्यानं पुडी खिशात घातली आणि साहेबांना विचारून सांगतो म्हणाला.

हे असंच चालू राहिलं असतं, पण वरच्या मजल्यावर एक नवं कुटुंब राहायला आलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेल्या त्या बाईंना चटईवर पाच रायफली उन्हात पडलेल्या दिसल्या, आणि त्यांच्यामध्ये तेलानं माखलेला, बनियनवर बसलेला एक म्हातारा एका रायफलीला म्हणत होता, "बस, आता पाठ दाखव." बाईंनी खाली येऊन थेट पोलिसांना फोन लावला.

ठाण्याचे टीआय साहेब, म्हणजे मोठे इन्स्पेक्टर, स्वतः आले, बरोबर चौहान नावाचा पिकल्या मिशांचा शिपाई. टोकेकरांनी दार उघडलं आणि आनंदानं हात जोडले. इतक्या वर्षांत आपणहून रायफली बघायला आलेले हे पहिलेच पाहुणे. त्यांनी दोघांना सेव घातलेले पोहे दिले आणि टीआय साहेबांना म्हणाले, "साहब, कान इधर लाइए."

टीआय साहेबांनी भिंतीवरचा कागद वाचला, नळीतलं शिसं बोट घालून पाहिलं, आणि ज्याच्या रायफलीतून काही निघत नाही अशा माणसाला काय म्हणावं हे न सुचल्यामुळे पोहे संपवले. चौहान मात्र थोरलीसमोर उभा होता.

"ये तो बाबूजी वाली है," तो म्हणाला.

त्याचे वडील फौजेतले निवृत्त सुभेदार; नोकरीत त्यांच्या हातात अशीच रायफल असायची. इंदूरजवळच्या महूला राहत होते. आता त्यांना काही आठवत नसे. मुलाला 'कौन है तू' विचारत, सुनेला नर्स समजत. दिवसभर ओसरीत खुर्चीवर बसून असत आणि हात मांडीवर काहीतरी शोधत राहत. चौहाननं संकोचत विचारलं, "साहब, एक बार इसको उनके हाथ में दे सकते हैं क्या?"

टोकेकर कधीही कुणाला रायफल उसनी देत नसत. मला तर ते हातही लावू देत नसत. त्यांनी थोरलीचा पट्टा सरळ केला. मग म्हणाले, "देणार नाही. मी स्वतः घेऊन येणार."

टीआय साहेबांनी मान हलवून परवानगी दिली, मात्र चौहान सोबत असला पाहिजे म्हणाले. गाडी अर्थातच माझी. रविवारी सकाळी टोकेकर खाली आले ते इस्त्रीचा सदरा घालून, थोरलीला फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून. मी डिकी उघडली, तर ते दुखावले. थोरली मागच्या सीटवर तिरकी बसली आणि टोकेकरांनी तिला बेल्ट लावला. चौहान पुढे माझ्याशेजारी. वाटेत राऊच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून विचारलं, "माताजी की तबीयत खराब है क्या?" टोकेकर म्हणाले, "नहीं भिया, मिलने जा रही है."

सुभेदार ओसरीत होते. उंच, वाळलेले, दाढी गुळगुळीत. टोकेकरांनी चादर सोडली आणि थोरली त्यांच्या मांडीवर ठेवली. हात शोधायचे थांबले. म्हाताऱ्यानं बोल्ट सरकवला, काढला, उलटा करून उजेडात धरला. मग दस्त्याच्या लोखंडी पट्टीखाली नख घातलं आणि ते नख टोकेकरांच्या नाकासमोर आणलं. नखावर मळाचा एक काळा कण होता.

"ये क्या है?"

त्या घरात सगळ्यांत आधी मी घाबरले, कारण टोकेकरांच्या स्वच्छतेवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"गंदा हथियार लेकर परेड पे आता है? शरम नहीं आती? नाम क्या है तेरा?"

"टोकेकर, साहब."

"सावधान में बोल!"

टोकेकर सावधानमध्ये उभे राहिले. पोट आत, हनुवटी वर. "टोकेकर, साहब!"

"अगले इतवार फिर से. साफ करके."

सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. इतकं सलग बोलणं तिनं किती दिवसांत ऐकलं नव्हतं म्हणे. मी टोकेकरांना सावरायला पुढे झाले, तर त्यांचा चेहरा असा फुललेला, जणू कुणी हार घातला होता.

मग आमचे रविवार ठरून गेले. आठवडाभर टोकेकर दात घासायच्या जुन्या ब्रशनं थोरलीच्या फटी घासत. रविवारी सुभेदार नवा कोपरा शोधत आणि त्यांना नापास करत. कधी स्क्रूच्या खाचेत, कधी पट्ट्याच्या कडीत. नाव दर वेळी नव्यानं विचारत. टोकेकर दर वेळी पोट आत घेत.

आणि एका रविवारी काही सापडलं नाही. सुभेदारांनी नख सगळीकडे फिरवलं. बोल्ट उजेडात धरला, पुन्हा धरला. मग थोरली परत केली.

"शाबाश. अब ठीक है. जाओ, छुट्टी."

चौहाननं टाळी वाजवली. मी परतताना गाडीत अभिनंदन केलं. टोकेकर "हो ना" म्हणाले आणि राऊ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "पास झालो तर पुढच्या इतवारी बोलावलंच नाही, मॅडम."

तो आठवडा भिंतीपलीकडून बोल्टचा आवाज आला नाही. जिन्यातला जवसाचा वासही गेला. वरच्या बाईंनी मला थांबवून विचारलं, "काका बरे आहेत ना?"

रविवारी मी सवयीनं गाडीची चावी घेऊन खाली उतरले, तर टोकेकर पार्किंगमध्ये उकिडवे बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. थोरली मांडीवर. समोरच्या कुंडीतली चिमूटभर माती त्यांनी बोटावर घेतली होती आणि बाळाला तीट लावावी तशी बोल्टच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवत होते. मला पाहून ते दचकले नाहीत.

"थोडीच लावली," ते म्हणाले. "आणि जरा दिसेल अशी. त्यांचे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत ना."

मी मागचं दार उघडलं.

त्या दिवशी सुभेदारांनी अख्खी गल्ली गोळा होईल इतका आवाज काढला. ओसरीत टोकेकर ताठ उभे, कानांत कापूस नाही, काही नाही. टोकेकरांचं ना नाव ना गाव ठाऊक असलेला तो म्हातारा त्यांना नालायक म्हणाला, आळशी म्हणाला, आणि शेवटी बोट रोखून म्हणाला, "अगले इतवार. समझा?"

"समझा, साहब!"

परतीच्या वाटेवर टोकेकरांनी थोरलीचा बेल्ट नीट केला आणि मागे रेलून बसले.

"आज जास्तच चिडले ना?" त्यांनी विचारलं.

"खूपच."

"हो ना," टोकेकर समाधानानं म्हणाले. "फिकीर करतात हो माझी."