सौनाबाहेरचं बोलणं

"होडी बांधली होतीस ना?" युनने टॉवेल गुंडाळत विचारलं.

आइला धक्क्यावर उभी राहून तळ्याकडे बघत होती. होडी माहेरी निघालेल्या पोरीसारखी डुलत चालली होती, मागे वळूनही न बघता. तिच्यात आइलाचा फोन होता, सॉसेजची टोपली होती आणि परवाना-कराराचा मसुदाही.

"बांधली होती," आइला म्हणाली. मग खोटं पचत नसल्यामुळे, "बहुतेक."

आठवडाभर दोघी ओउलू शहरातल्या कचेरीत भांडत होत्या. झाडांवर, पाण्यावर आपटून विखुरलेल्या रेडिओलहरींचे तुकडे वेचायचे आणि त्यांतून तुटका आवाज पुन्हा सांधायचा, हा आइलाच्या प्रयोगशाळेचा शोध. त्याचं पेटंट होतं. युनच्या सोलमधल्या कंपनीचे फोन तो फुकट वापरतात, असं आइलाचं म्हणणं. "आमची रीतच वेगळी," हे युनचं. सोमवारी कोर्ट होतं. हरलो तर प्रयोगशाळेला कुलूप. म्हणून शेवटचा उपाय आइलाने केला. तिने पाहुणीला बेटावर, आपल्या सौनाच्या, म्हणजे लाकडी बाष्पस्नानघराच्या, वाफेत आणून बसवलं. तिथे भलीभली माणसं नरम पडत.

नरम पडली ती आइलाच. सोलच्या सार्वजनिक गरम स्नानगृहांत लहानाची मोठी झालेली युन वरच्या फळीवर बसून म्हणत होती, "आणखी पाणी टाक ना गं, आइलाताई. गारठले मी!"

आणि आता होडी गेली. डासांनी दोघींना पुन्हा आत पिटाळलं.

"माझा फोन आहे की," युनने कपड्यांतून तो काढला.

"इथे? शेजारचा वाइक्को म्हणतो, या बेटावरून देवालाही निरोप पोचत नाही."

"लागला!" युन नाचलीच. "बघ, याला म्हणतात आमचा फोन!"

आइलाने पाठ असलेला नंबर सांगितला. पैलतीरावरून वाइक्कोचा आवाज खणखणीत आला. "होडी माझ्या धक्क्याला लागलीय. एक सीगल पक्षी तुमच्या कागदांवर बसून सॉसेज खातोय. हाकलू?"

"खाऊ दे. तू आम्हाला न्यायला ये."

फोन बंद झाला. जाड ओंडक्यांच्या भिंती, भोवती जंगल, भोवती पाणी. एवढ्यातून आवाज वेचून आणायची रीत जगात एकच होती. युनचं हसू हळूहळू मावळलं. आइलाने शेगडीत लाकूड सारलं.

"बोल की," युन म्हणाली.

"काय?"

"तुला कळलंय."

"कळलंय. पण सौनात धंद्याचं बोलत नाहीत. इथलं बाहेरही नेत नाहीत."

"सोमवारी कोर्टातसुद्धा?"

"आईची शिकवण आहे," आइला म्हणाली. पण प्रयोगशाळेतले एकेक चेहरे त्या वाफेत येऊन उभे राहिले होते.

"वेडी आहेस तू."

"असेन."

मग युन उठली, दार ढकलून ओल्या टॉवेलनिशी बाहेर पडली आणि थेट धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"आइलाताई, बाहेर ये!"

"अगं, डास फोडून काढतील!"

"म्हणून तर लवकर ये," युन पाय झटकत ओरडली. "इथे संपला ना तुझा सौना? आता बोल परवान्याचं!"