प्रसाद देणारा माऊस

मार कुठे बसला आणि किती बसला हे माणसाला जागच्या जागी कळणं, ही प्रगत समाजाची पहिली खूण आहे. संगणकावरच्या खेळांत ही सोय नव्हती. तिथे माणूस दिवसातून चाळीसदा मरतो आणि त्याच्या तळहाताला खबरही नसते. ही उणीव अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या (नाव सांगत नाही, उगाच प्रवेशाला गर्दी व्हायची) जुईलीच्या लक्षात आली, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने खेळाडूला उलट ठोसा देणारा माऊस करायला घेतला.

काम चोख होतं. माऊसच्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्यात सरकणारा लोखंडी खिळा, खिळ्याला रबराची टोपी. खेळात गोळी लागली की खिळा उसळून तळहातावर आदळे. किती जोराने आदळावा, यासाठी तिने परदेशी मापं धुंडाळली नाहीत. आपल्या भाषेने हे शास्त्र आधीच पूर्णत्वाला नेलेलं आहे. गोळी चाटून गेली तर टिचकी, लागली तर चापट, बॉम्ब फुटला तर धपाटा, गच्चीवरून पडलं तर रट्टा. महिनाभर तिने या पायऱ्या स्वतःच्या तळहातावर जुळवल्या. (धपाटा कुठे संपतो आणि रट्टा कुठे सुरू होतो, हे ठरवताना दोन दिवस तिला पेन धरता आलं नाही. संशोधनात असे दिवस येतात.)

घोळ अर्जात झाला. मराठीच्या संवर्धनासाठी प्रकल्पाचं नाव मराठीत देणं त्याच वर्षी सक्तीचं झालं होतं. जुईलीने लिहिलं, ‘स्पर्श-प्रतिसाद देणारा माऊस’. कार्यालयातल्या देवीदासभाऊंच्या हातून ते संगणकात चढवताना ‘ति’ गळाला. उरला ‘स्पर्श-प्रसाद देणारा माऊस’. यंत्रणेने ‘प्रसाद’ हा शब्द ओळखला आणि प्रस्ताव अन्नसमितीकडे रवाना केला. यंत्रणेचं यात काही चुकलं असं म्हणता येत नाही.

“भाऊ, एक अक्षर तर घालायचंय,” जुईली म्हणाली.

“म्याडम, आत गेलं नं ते. आता समितीच काढू शकते.”

“मग समितीला सांगा ना.”

“समितीले सांगाचा अर्ज बी समितीच मंजूर करते. अन् असे अर्ज ते जूनमंदीच घेते.” देवीदासभाऊंनी सुपारी या गालातून त्या गालात सरकवली. “तुमाले प्रमाणपत्र कधी पाह्यजे?”

“या शुक्रवारी. नाहीतर वर्ष जातंय माझं.”

“मंग प्रसादच राहू द्या. काहून टेन्शन घेऊन राह्यल्या? शब्द तं चांगला हाय.”

घरी तिने वडिलांना विचारलं. मोरोपंत कीर्तनकार. “खोटं बोलू नये,” ते झांजेत नवी दोरी ओवत म्हणाले. मग दोरी तशीच धरून थांबले. “पण लहानपणी आम्ही तालाला चुकलो की गुरुजी पाठीत जे घालायचे, त्यालाही आम्ही प्रसादच म्हणत होतो, बरं का जुई. तू आपलं निरूपण कर. नाव काय द्यायचं ते ऐकणाऱ्याला ठरवू दे.”

समितीत तिघं होते. अध्यक्ष प्राध्यापक केशवराव, उपाहारगृहाच्या गंगूबाई आणि तिथे भाजी पुरवणारे हिवरखेडचे शेषराव. छाननी कसून झाली. प्रसाद किती टिकतो? (बॅटरी असेपर्यंत.) एका वेळी किती जणांना पुरतो? (एकाला.) तुपातला की तेलातला? खिळा सरकावा म्हणून जुईलीने शिवणयंत्राचं तेल घातलं होतं. “तेलातला,” ती म्हणाली. तशी नोंद झाली. मग नियमावलीतलं एक कलम आडवं आलं: प्रसादाच्या जवळपास उंदीर आढळता कामा नये. इथे तर वाढपीच उंदीर होता. केशवरावांनी पाच मिनिटं डोळे मिटले आणि निवाडा दिला की गणपतीच्या नैवेद्यापाशी उंदीर पूर्वापार असतो, आणि त्याने कुणाचं पोट बिघडल्याची नोंद नाही.

चव घ्यायला शेषराव पुढे झाले. त्यांनी डाव्या तळव्यावर उजवा ठेवला आणि माऊस उलटा करून ओंजळीत घेतला. असा धरला की खेळता येत नाही, पण नुसतं उभं राहिलं तरी गोळी लागतेच.

“आई वं! पोरी, हे तं मले मारून राह्यलं!”

“गप बसा हो शेषरावभाऊ,” गंगूबाई म्हणाल्या. “प्रसादाले नाव ठेवता?”

शेषराव वरमले. माऊस कपाळाला लावून म्हणाले, “आनखी थोडा दे.”

प्रसाद फक्त मार खाल्ला की मिळतो, हे समितीच्या लवकरच ध्यानात आलं. मग खेळ भराला आला. गंगूबाई गोळ्यांसमोर जाऊन उभ्या राहू लागल्या. केशवरावांना मोठा प्रसाद हवा म्हणून ते अकरा वेळा गच्चीवरून पडले. एकूण फेऱ्या बेचाळीस, विजय शून्य, तक्रारी शून्य.

“सर,” जुईलीला राहवेना, “मार चुकवायला शिकावं म्हणून केलंय हो हे.”

“प्रसाद चुकवायचा?” केशवरावांचं पेन प्रमाणपत्रावर थांबलं. “मुली, हा प्रसादच आहे ना?”

सहीची जागा कोरी होती. त्या दिवशी शुक्रवार होता.

“तळहात लाल झालाय तुमचा, सर,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगा, तुम्हाला कसं वाटतंय?”

केशवरावांनी तळहात उघडून पाहिला. “तृप्त,” ते म्हणाले, आणि सही केली.

जुईलीचं वर्ष वाचलं. प्रमाणपत्रावर शेरा आहे: ‘चव ठीक. प्रमाण वाढवावे. उपस्थित सर्वांस समान वाटावा.’ ही अट असल्यामुळे अकोल्याच्या प्रदर्शनात तिला येईल त्याला वाटावं लागलं. रांग फाटकाबाहेर गेली होती. प्रसाद मिळालेले लोक मूठ झाकून बाहेर पडत, मागच्यांना काही सांगत नसत आणि पुन्हा शेवटी जाऊन उभे राहत. कशाचा प्रसाद, हे एकानेही विचारलं नाही.

हसू नका. तुम्हीही इथवर मुकाट्याने आलात, पुढे काय मिळणार हे विचारलं नाहीत. आता नंबर लागलाच आहे, तर करा उजवा हात पुढे.