रंगनाथकाकांचं इंजिन

आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं की भेटायला येणारे लोक ताप किती आहे ते विचारतात. रंगनाथकाका विचारतात, "सकाळी पहिल्या झटक्यात स्टार्ट होतो का?"

मागच्या वर्षी मला खोकला झाला होता. पंधरा दिवस जाईना. काका दारातच उभे राहिले, डोळे मिटून त्यांनी माझा खोकला ऐकला आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "कार्बोरेटरमध्ये कचरा हाय. हवा कमी, पेट्रोल जास्त. तिला जरा मोकळ्यात फिरवून आणा." ह्यांनी मला फिरवलं नाही, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मोकळ्या हवेत फिरत जा म्हणून सांगितलं. तेव्हापासून गल्लीत काकांचं वजन वाढलं.

हडको कॉलनीतली आमची घरं एका भिंतीची. त्यांच्याकडे पान्हा पडला तर आमच्याकडे ऐकू येतं. कितव्या नंबरचा पडला तेही आता मला आवाजावरून कळतं. काका मूळचे बिडकीनचे. सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. लोकांच्या बांधावरून साखळी ओढत फिरले, भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी गाडी मोजायला घेतली.

गाडी पांढरी, छोटी आणि जुनी. काका तिला गाडी म्हणत नाहीत, इंजिन म्हणतात. "इंजिन घेऊन भाजीला जाऊन येतो," असं सांगून निघतात. त्यांच्या लेखी बाकीची गाडी म्हणजे इंजिनाला पाऊस लागू नये म्हणून वर घातलेलं छप्पर. दाराची काच खाली होत नाही, मागच्या सीटचा स्पंज बाहेर आलाय, त्याचं त्यांना काही नाही. पण कुणी नवा माणूस भेटला की नाव सांगायच्या आधी ते सांगतात, "सातशे शहाण्णव सीसी. तीन सिलिंडर. सदतीस घोडे." मग जरा थांबून खरं तेही सांगतात, "आता वयामुळं तीस धरा."

"मग सात घोडे गेले कुठं, काका?" आमच्या ह्यांनी एकदा विचारलं.

"माझे गेले तिथंच," काका म्हणाले.

तीन सिलिंडर ओळीनं पेटत नाहीत म्हणे. आधी पहिला, मग तिसरा, मग दुसरा. एक-तीन-दोन. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःलाही तसंच लावून घेतलं. सकाळी आधी आंघोळ, मग सदरा, मग टॉवेल. बँकेत पेन्शनच्या रांगेत तिसरे उभे असले तर पहिला माणूस गेल्याबरोबर ते पुढच्याला म्हणतात, "सरका दादा, आता माझा नंबर. एक-तीन-दोन." पुढचा माणूस समजतो की बँकेचा नवा नियम आला असेल, आणि सरकतो.

रोज सकाळी बोनेट उघडून ते लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. आत काय चाललंय ते असं ऐकू येतं. तेव्हा गल्लीत कुणी मोठ्यानं बोललेलं त्यांना चालत नाही. पाण्याचा टँकर आला तरी ते हात वर करून त्याला थांबवतात. मग प्लग काढून उन्हात धरतात. प्लग काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असला तर कमी. "खारकेच्या रंगाचा पायजे," असं म्हणून त्यांनी तो मला इतक्यांदा दाखवलाय की आता दुकानात खारीक घेताना मला प्लग आठवतो.

उन्हाळ्यात इंजिनाचे फार हाल होतात. आपल्याकडचं ऊन असं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी जागेवर बसते. काकांकडं त्याला उपाय आहे. ओल्या फडक्याची पट्टी इंजिनातल्या पंपावर ठेवायची, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो तशी. मागच्या मे महिन्यात भर चौकात, सिग्नल हिरवा असताना, काका बोनेट उघडून उभे होते. मागं हॉर्न वाजत होते. काका शांतपणे म्हणाले, "थांबा जरा, पट्टी बदलायलोय."

आता काकूंचं सांगते. गयाकाकू ह्या काकांच्या मंडळी. बोलायला मोकळ्या. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, तर माझं रेशनच्या दुकानातलं बोलणंही त्याच बोलायच्या. दीड वर्षापूर्वी काकांनी कार्बोरेटर खोलला आणि त्याचे बारीक बारीक भाग काकूंच्या परातीत पेट्रोल घालून धुतले. परात घासून जागेवर ठेवली, पण सांगितलं नाही. संध्याकाळी काकूंनी त्यातच पीठ मळलं. पहिली भाकरी तव्यावर गेली आणि घरभर पेट्रोल पंपाचा वास सुटला.

काकू ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माहेरी, पिशोरला भावाकडं निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "घ्यायला या." काकांचं डोकं बोनेटखाली होतं. ते आतूनच म्हणाले, "व्हय, एवढं इंजिन तयार झालं की येतो."

आमच्यात माहेरी गेलेली बाई आपण होऊन परत येत नाही. घ्यायला घरचं कुणीतरी जावं लागतं. नाहीतर चार बाया म्हणतात, बघा, कुणी विचारलं नाही तरी आली. म्हणून काकू तिकडं थांबल्या. आणि काका इकडं इंजिन तयार करत राहिले. आधी हेड गॅसकिट गेलं. ते बदललं तर चोक अडकायला लागला. चोक सुटला तर रेडिएटरचा पंखा वेळेवर फिरेना. दर रविवारी निघायचं ठरायचं, आणि दर शनिवारी इंजिनाला काहीतरी व्हायचं.

काकू फोन मला करायच्या. "संगीता, मी इचारलं म्हणून सांगू नको त्यांला. जेवतात का?"

"जेवतात."

"काय जेवतात?"

"काल खिचडी होती. परवाही."

"आन् त्याच्या आदल्या दिवशी?"

मी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवायचे. थोड्या वेळानं काका भिंतीपलीकडून यायचे आणि मोबाईलकडं न बघता विचारायचे, "तिकडं ऊन लई हाय का गं?"

ह्या चैत्रात काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "भावानं मागच्या अंगाला माझ्यासाठी खोली काढलीया. भिंती झाल्या. सोमवारी स्लॅब. एकदा स्लॅब पडला की मी हितलीच. त्याला तरी कसं म्हणू नको म्हणून? अन् कुणाच्या जिवावर म्हणू?"

हे सांगायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी वाटीभर आमटी घेऊन गेले आणि दारातूनच सगळं एका दमात सांगून टाकलं. काका प्लग पुसत होते. पुसलेलाच प्लग ते पुन्हा पुसायला लागले. मग म्हणाले, "रविवारी निघू. फक्त पंख्याचा स्विच एकदा रफिककडून बघून घेतो."

रफिकभाई म्हणजे त्यांचे मेकॅनिक. शनिवारी ते गल्लीतच आले. गाडी चालू केली, दहा मिनिटं तशीच ठेवली. पंखा फिरला, बंद झाला, परत फिरला. रफिकभाईंनी हात पुसले. "काका, गाडी में कुच नहीं है. छे महीने से कुच नहीं है. तुम हर हफ्ते लाते, मैं हर हफ्ते खोल के बंद करतूं. अब मेरेकूच शरम आती."

"आवाज येतोय बारीक," काका म्हणाले.

"आवाज तुमारे अंदर से आरा, काका," रफिकभाई म्हणाले आणि चहा न घेता गेले.

रविवारी सकाळी बघते तर काकांनी बोनेट उघडलेलं. पेचकस कानाला. मला काय झालं कुणास ठाऊक. मी डोक्यावरून पदर घेतला, ह्यांना सांगितलं की भाकरी झाकून ठेवलीय, आणि जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले. काकांनी बोनेटच्या कडेनं वाकून मला बघितलं. बराच वेळ बघितलं. बाई गाडीत बसलीय, आणि गल्ली बघतेय. आता तिला उतर कसं म्हणणार? त्यांनी बोनेट लावलं.

इंजिन पहिल्या झटक्यात स्टार्ट झालं.

घाट नको म्हणून काकांनी फुलंब्रीवरून घेतली. सगळ्या रस्त्यात गाडीनं एक ठेच खाल्ली नाही. मी काचेतून शेतं बघत होते, काका फक्त इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्याकडं बघत होते. पिशोर एखादा किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कडेला लिंबाखाली गाडी घेतली आणि चावी फिरवून बंद केली.

"गरम झाली," म्हणाले.

मी काट्याकडं बघितलं. काटा बरोबर मधोमध, जिथं असायला हवा तिथंच होता. काका समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "ह्याच लिंबापाशी बंद पडली होती. भाच्याच्या लग्नाला आलतो तवा. नवरदेवाची वरात मागं, बँडवाले मागं. सगळं तिचं माहेर रस्त्यावर. मी चावी फिरवतोय, फिरवतोय. मग ती उतरली. नवं लुगडं नेसलेली. पदर खोचला अन् ढकलाया लागली. चप्पल तुटली तर हातात घेतली, तशीच ढकलली. लोकं हसत व्हते."

"काकू रागावल्या?"

"नाय. हसली." काकांनी स्टेअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. "आयुष्यभर लोकांच्या बांधावर शिव्या खाल्ल्या, मान खाली घातली नाय. त्या दिवशी घातली. लोकं हसले म्हणून ती हसली, का तिला हसू आलं म्हणून हसली, ते मला आजपातुर कळंना. म्हणलं, पुन्हा तिच्या दारात न्यायचं ते न थांबणारं इंजिन न्यायचं."

एक मोटारसायकलवाला जवळून गेला, वळून बघितलं, "दाजी हायत का?" म्हणाला आणि उत्तर न ऐकता गावाकडं पळाला. आम्ही बसून राहिलो.

पंधरा-वीस मिनिटांनी उन्हातून काकू चालत येताना दिसल्या. एकट्याच, हातात कापडी पिशवी. मी पटकन उतरून मागं गेले, स्पंज बाजूला सारून बसले. काकूंनी आधी मला बघितलं, मग त्यांना.

"काय झालं?"

"गरम झाली."

काकूंनी बोनेटवर हात ठेवला. "एवढ्या लांबून आल्यावर व्हईलच की," म्हणाल्या. मग पुढचं दार उघडून बसल्या आणि पिशवी मागं माझ्या मांडीवर दिली. घड्या घालून घट्ट भरलेली होती. वरच्या बाजूला जुनी धूळ बसली होती. ही काही आज भरलेली नव्हती.

"स्लॅबचं काय मग?" काकांनी विचारलं.

"टाकू दे. कांदा भरंल त्याच्यात."

काका काट्याकडं बघतच म्हणाले, "त्या दिवशी लग्नात तू हसली कामून?"

"कवा?" काकूंना आधी आठवेना. मग आठवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "अहो, तुमच्या तोंडाकडं बघून. बंद पडली ती गाडी, अन् तोंड असं केलतं की जसा काय तुमचाच जीव गेला."

"एवढंच?"

"मग अजून काय?"

काकांनी चावीला हात लावला आणि परत काढून घेतला. "पाच मिनिटं थांबू. निवू दे."

"थांबू की," काकू म्हणाल्या.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकू भावाच्या कांद्याचं सांगत होत्या, काका हेड गॅसकिटचं सांगत होते, दोघंही एकाच वेळी. मी मागं पिशवी धरून बसले होते. निघू या असं कुणीच म्हणत नव्हतं.